हॉकीचा संघ शहराच्या पैशावर चालत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हॉकी इंडिया लीगमध्ये महाराष्ट्राचा संघ नाही, ही खंत आपल्या क्रीडा पानावर वाचली. मुंबई-पुण्याइतका पैसा आणि माणूस दुसरीकडे कुठे आहे, इथला संघ तोट्यात जाईलच कसा, असा त्यात सूर होता. मी खडकीत वाढलो, कंपनीच्या संघातून 13 वर्षं लेफ्ट हाफ खेळलो. संघ यावा असं मलाही वाटतं. पण हा हिशेब काही पटला नाही.

कारण तो आपण करून पाहिलाय. 2005 मध्ये प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली, तेव्हा मराठा वॉरियर्स होता. 2012 च्या वर्ल्ड सिरीज हॉकी या दुसऱ्या लीगमध्ये तर आपले दोन संघ, मुंबई मरीन्स आणि पुणे स्ट्रायकर्स. पुण्याने अंतिम फेरी गाठली आणि शेर-ए-पंजाबकडून मार खाल्ला. तो सामना बघायला आम्ही खडकीचे सहा जण चर्चगेटच्या महिंद्रा स्टेडियमवर गेलो होतो. परतीच्या गाडीत पुढच्या वर्षी बचावफळीत कोण हवं, यावर लोणावळ्यापर्यंत भांडलो. पुढचं वर्ष आलंच नाही. हॉकी इंडिया लीगमध्ये आधी मुंबई मॅजिशियन्स, मग दबंग मुंबई. तोही संघ 2017 ला अंतिम सामन्यात कलिंगा लान्सर्सकडून हरला आणि त्यानंतर लीगच सात वर्षं बंद. 2024 च्या डिसेंबरात ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचं नाव नव्हतं.

आता खर्चाचं बघा. त्या हंगामात लिलावात प्रत्येक पुरुष संघाला 24 खेळाडूंसाठी 4 कोटींची मर्यादा होती. सूरमा क्लबने एकट्या हरमनप्रीत सिंगवर 78 लाख लावले, म्हणजे उरलेल्या 23 जणांच्या वाट्याला सरासरी 14 लाख. आयपीएलमध्ये ऋषभ पंतला 27 कोटी मिळाले. त्यात हॉकीच्या सहा संघांचे खेळाडू येतात आणि वर 3 कोटी उरतात. विजेत्या संघाचं बक्षीसही तेवढंच, 3 कोटी. थोडक्यात, लीग जिंकली तरी नुसत्या खेळाडूंचे पैसे निघत नाहीत. प्रशिक्षक, हॉटेल, परदेशी खेळाडूंचं विमानभाडं वेगळंच. खर्चाला मर्यादा घातली की सामने चुरशीचे होतात, हे खरं. मालकाच्या गल्ल्यात त्याने काही पडत नाही.

अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकीच्या एनएचएलला हा धडा महागात पडला. खेळाडूंच्या पगारावर मर्यादा घालायच्या भांडणात 2004-05 चा अख्खा हंगाम बुडाला. मग मर्यादा आली, संघाला 3 कोटी 90 लाख डॉलर. 2025-26 ला ती 9 कोटी 55 लाखांवर गेली. तरीही अमेरिकेतल्या फिनिक्सच्या संघाचं काय झालं? 1996 मध्ये कॅनडातल्या विनिपेगचा संघ उचलून तिथे नेला, का तर बाजार मोठा. 2009 मध्ये दिवाळखोरी. शेवटचे दोन हंगाम विद्यापीठाच्या जेमतेम 5 हजार आसनांच्या रिंकवर काढले आणि 2024 ला संघ सॉल्ट लेक सिटीला गेला. फिनिक्स परिसराची वस्ती 50 लाखांच्या घरात, विनिपेगची आठेक लाख. त्या विनिपेगला 2011 मध्ये अटलांटाचा संघ मिळाला, तेव्हा 13 हजार सीझन तिकिटं, म्हणजे अख्ख्या हंगामाची, काही दिवसांत संपली. (मध्यंतरी तो आकडा तिथेही घसरला होता. पण संघ आहे अजून.) दुसरीकडे टोरोंटोच्या संघाकडे पैशाला तोटा नाही आणि 1967 नंतर स्टॅन्ले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, नाही!

आपल्याकडे उत्तर प्रदेशापेक्षा मोठा बाजार कुठला? तिथल्या यूपी रुद्राजच्या मालकांनी गणित दीर्घकाळ झेपणार नाही म्हणून 2025 मध्ये अंग काढून घेतलं. त्याआधी लीगच्या सामन्यांना ओडिशातल्या राउरकेलात गॅलऱ्या भरत होत्या, पण प्रवेश फुकट. प्रेक्षक फुकटात येत असेल तर बाजार लहान की मोठा, हे कळायचं कसं? मला वाटतं 50 रुपये तरी घ्यावेत. त्याने तोटा भरणार नाही, पण माणूस हॉकीसाठी खिशात हात घालतो का, एवढं तरी समजेल.

म्हणून संघ काढायचा असेल तर मालकाने पैसेवाल्या चर्चगेटकडे नाही, जिथे हॉकी खेळतात त्या पुण्यातल्या खडकी-बालेवाडीकडे बघावं. पहिली पाच वर्षं तोटा धरूनच चालावं आणि लीगने प्रायोजकांच्या पैशातला ठरलेला हिस्सा संघांना लेखी द्यावा. हे जमणार नसेल तर संघासाठी सहावं नाव शोधू नये.

आणि एक तक्रार आपल्याबद्दलही. मुंबईतल्या बॉम्बे गोल्ड कप हॉकी स्पर्धेचा निकाल आपल्या अंकात दोन ओळींत येतो, गोल कुणी केले ते नसतं. निदान ती नावं तरी छापत चला.

आपला,
एक जुना लेफ्ट हाफ, खडकी, पुणे