साडेसहा तासांत टोकियो? आणि परत यायला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला जपानचा लेख वाचला, फोटो झकास. पण शेजारच्या चौकटीत जे छापलंय, 'दिल्ली ते टोकियो ५,८५० किमी, साडेसहा तास', त्यावरून कालपासून डोकं फिरलंय. अंतर ठीक आहे हो, पण त्याला ताशी ९०० ने भागून वेळ काढायचा हे पाचवीचं गणित झालं. जाताना साधारण साडेसात तास लागतात, आणि येतानाचं काय? हिवाळ्यात साडेनऊ-दहा तास सहज जातात, ते तुमच्या चौकटीत कुठेच नाही.

मागच्या जानेवारीत मुलीकडून परत येताना टोकियोच्या नारिता विमानतळावरून साडेअकराला विमान सुटलं, तसा मेसेज मेहुण्यांना टाकून ठेवला होता. ते नोएडाला असतात, छापील मजकुरावर त्यांची भारी श्रद्धा. असंच कुठल्याशा पेपरातलं कात्रण जपून ठेवलेलं, त्यावरून साडेसहा तास धरले, घड्याळातला साडेतीन तासांचा फरक वजा केला आणि अडीचलाच टर्मिनल ३ वर हजर, थर्मासमध्ये चहा घेऊन! आम्ही उतरलो सहाला. आमचे फोन बंद, म्हणून यांनी थेट टोकियोत मुलीला फोन लावला, 'अगं, विमान अजून आलंच नाही', ती बिचारी ऑफिसातून घरी निघालेली, तिथे ट्रेनमध्ये फोनवर बोललेलं चालत नाही, कुजबुजत कुजबुजत रडकुंडीला आली. आणि आम्ही बाहेर आल्यावर मेहुणे माझ्याकडे असे बघत होते की जणू विमान मीच हळू चालवलं. पार्किंगचे पैसे अजून ऐकवतात.

कारण काही गुपित नाहीये. जपानच्या डोक्यावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीमचे, म्हणजे विमानं उडतात त्या उंचीवरचे वेगवान वारे वाहतात, हिवाळ्यात कधीकधी ताशी ३०० किमीच्याही वर. जाताना ते पाठीशी, येताना तोंडावर. ओइशी नावाच्या जपानी हवामानतज्ज्ञाने १९२०च्या दशकातच फुगे सोडून हे वारे मोजले होते, पण निष्कर्ष छापले एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या, फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत, त्यामुळे जगाने वाचले नाहीत. तुम्ही तर मराठीत छापता आणि लोक वाचतात, विश्वासही ठेवतात, म्हणून तर हा पत्रप्रपंच. शिवाय नकाशावरची सरळ रेघ तिबेटवरून जाते आणि विमानं सहसा तो भाग टाळून खालून वळसा घेतात, कारण केबिनमधला हवेचा दाब गेला तर झटकन दहा हजार फुटांवर यावं लागतं आणि खाली डोंगरच त्याहून उंच. म्हणजे ५,८५० सुद्धा कागदावरचेच.

आणि 'टोकियोला उतरल्यावर' असं बिनधास्त लिहिलंय, पण नारिता शहरापासून साठेक किलोमीटर लांब आहे, हानेदा शहरातच. कुठल्या विमानतळाबद्दल बोलताय ते तरी लिहा की. जाताना इतके, येताना इतके, अशा दोन ओळींना जागा नव्हती म्हणावं तर खाली अर्धं पान टूर कंपनीची जाहिरात होती!

जाता जाता, रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर सोमवारी द्यायचं बंद केलंय का? उभा सात अजून अडलाय.

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड, पुणे