चिकटवहीचा समास आणि कडेपर्यंत जाणारी पट्टी

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

घरगुती छायाचित्रांच्या चिकटवहीविषयी आपल्या रविवार पुरवणीत अलीकडे आलेला लेख वाचला. मोबाइलमध्ये साठत जाणाऱ्या शेकडो छायाचित्रांतून मोजकी निवडावीत, ती छापून घ्यावीत आणि प्रत्येक पानावर चार ओळी स्वतःच्या हाताने लिहाव्यात, हा त्यातील आग्रह मला मनापासून पटला. मात्र पानाच्या चारही बाजूंना किमान एक इंच समास सोडलाच पाहिजे, असा जो सरसकट नियम त्यात घालून दिला आहे, तो मला पटला नाही. शाळेत चित्रकला शिकवताना आणि निवृत्तीनंतर हौशी मंडळींना चिकटवह्या करायला मदत करताना माझ्या लक्षात आलेल्या काही गोष्टी म्हणूनच येथे मांडत आहे.

रंगीत कागदाची पट्टी, नक्षीची किनार किंवा एखादे छायाचित्र पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड नेणे ही मांडणीची अत्यंत उपयोगी रीत आहे, आणि समासाचा नियम डोळे मिटून पाळणारा माणूस तिला कायमचा मुकतो. नियम हवाच असेल तर तो निवडीचा असावा: जे दृश्य पानाच्या बाहेरही चालू आहे असे वाटते आणि ज्याचा दोनचार मिलिमीटर भाग कापला गेला तरी काही बिघडत नाही, तेच कडेला न्यावे, बाकी सारे आत ठेवावे.

समास मुळात कशासाठी सोडला जात असे, हे पाहिले की या नियमाची मर्यादा कळते. सुट्या पानांच्या हस्तलिखित पोथ्यांत दोन्ही बाजूंना मोकळी जागा असे; तेथे पानाचा क्रमांक येई, सुटलेला शब्द लिहिता येई आणि मुख्य म्हणजे पान उलटताना बोट मजकुरावर पडत नसे. आपल्या आजीआजोबांच्या काळ्या कागदाच्या अल्बममध्येही कागदी कोपऱ्यांत बसवलेली छायाचित्रे कडेपासून दूर असत, कारण पाहुण्यांचे हात प्रथम कडेलाच लागत. अमेरिकेत या छंदाने नवे रूप घेतले ते बरेच नंतर. युटा राज्यातील मॅरिलेन क्रिस्टेन्सन या गृहिणीने आपल्या कुटुंबाच्या वह्या 1980 साली सॉल्ट लेक सिटीतील वंशावळींच्या नोंदींविषयीच्या जागतिक परिषदेत मांडल्या, आणि आजच्या छंदाचा आरंभ बहुधा तेथून धरला जातो. या नव्या पद्धतीत तयार झालेले पान पारदर्शक पाकिटात सरकवून ठेवण्याची चाल रूढ झाली. हात आता पाकिटाला लागतो, कागदाला नव्हे, आणि त्यामुळे पानाची कड मांडणीसाठी मोकळी झाली. पाकीट नसलेल्या वहीत मात्र जुना समास आजही शहाणपणाचा आहे, हे मी मान्य करते.

कडेपर्यंत नेल्याने नेमके काय साधते, याचे एकच उदाहरण देते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडकडे जाताना दिवे घाटात वरून काढलेली छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. वळणावळणाने वर चढणारी वारकऱ्यांची रांग हाच त्या चित्राचा विषय असतो. हे चित्र चारही बाजूंनी पांढरा समास ठेवून पानाच्या मधोमध चिकटवले, तर रांग त्या चौकटीत सुरू होऊन तेथेच संपल्यासारखी दिसते. तेच चित्र रुंद पट्टीच्या रूपात डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत नेले, तर पाहणाऱ्याची नजर पानाबाहेर जाते आणि न दिसणारी रांगही मनाने पुरी करते. समुद्राचे क्षितिज, सह्याद्रीची डोंगररांग, किल्ल्याची तटबंदी, रेल्वेचा फलाट, लग्नातील पंगत या साऱ्यांना हे लागू पडते. याउलट, पाळण्यातल्या बाळाचे किंवा पाटावर बसलेल्या आजीचे चित्र स्वतःत पूर्ण असते; त्याला चौकट आणि भोवतीची शांत जागाच हवी.

दुसरा लाभ अधिक व्यवहारी आहे. पानावर चारपाच लहान छायाचित्रे वेगवेगळ्या ठिकाणी लावली की ती एकमेकांशी संबंध नसल्यासारखी दिसतात. पानाच्या वरून किंवा खालून साधारण एक तृतीयांश अंतरावर एक आडवी पट्टी कडेपासून कडेपर्यंत टाकली आणि छायाचित्रे तिला टेकवली किंवा तिच्यावर थोडी चढवली, की त्यांना एक समान आधार मिळतो. पट्टी अगदी मधोमध मात्र नसावी, कारण तशाने पानाचे दोन सारखे तुकडे पडतात आणि नजर कोठेच ठरत नाही. अशी पट्टी पानावर एकच असावी, हेही सांगायला हवे. पैठणीचा काठ उठून दिसतो तो मधले अंग शांत असते म्हणून. वर एक, खाली एक, बाजूला उभी एक अशा पट्ट्या वाढत गेल्या की पुन्हा एक चौकटच तयार होते आणि ज्या समासातून सुटायचे होते तोच रंगीत होऊन परत येतो.

मापांचा विचार आधी केला तर कात्री फारशी लागतच नाही. या छंदासाठी मिळणारे चौरस पान 12 इंचांचे, म्हणजे सुमारे 30.5 सेंटिमीटरचे असते, आणि आपल्याकडे कोणत्याही स्टुडिओत सहज मिळणारी प्रत 4 बाय 6 इंचांची असते. दोन आडव्या प्रती शेजारी शेजारी लावल्या की बरोबर 12 इंच भरतात आणि 4 इंच उंचीची, म्हणजे पानाच्या नेमक्या एक तृतीयांश उंचीची अखंड पट्टी तयार होते. तीन उभ्या प्रती लावल्या तर 6 इंच उंचीची होते. आपल्याकडे बहुतेक जण ज्यावर काम करतात त्या ए-फोर कागदावर मात्र हे गणित जमत नाही. त्याची लांबी 297 मिलिमीटर असते आणि दोन आडव्या प्रती मिळून सुमारे 305 मिलिमीटर होतात, म्हणजे जवळजवळ 8 मिलिमीटर कापावे लागतात. उभ्या ए-फोरची रुंदी 210 मिलिमीटर आणि दोन उभ्या प्रतींची मिळून सुमारे 203, म्हणजे 7 मिलिमीटरची फट उरते. ती फट दोन प्रतींच्या मध्ये ठेवून मागे गडद कार्डशीट लावले, तर ती मुद्दाम ठेवल्यासारखी दिसते. एकच छायाचित्र 12 इंच रुंद छापून घ्यायचे असेल, तर इंचाला 300 पिक्सेल या नेहमीच्या हिशेबाने 3600 पिक्सेलची रुंदी हवी. मोबाइलवर पूर्ण दर्जात काढलेल्या छायाचित्रात ती सहसा असते. व्हॉट्सअॅपवरून साध्या दर्जात आलेल्या प्रतीत नसते, आणि मग डोंगराच्या कडा विरघळलेल्या दिसतात. मूळ प्रत मागून घेणे हाच त्यावरील उपाय.

पट्टी पानाच्या मापाची कापून मग चिकटवणे ही सर्वांत सामान्य चूक आहे, कारण चिकटवताना ती केसभर जरी सरकली तरी एका बाजूला पांढरी रेघ उघडी पडते आणि सारा परिणाम जातो. पट्टी दोन्ही बाजूंनी सेंटिमीटरभर जास्त ठेवावी, चिकटवून वजनाखाली पूर्ण सुकू द्यावी, मग पान पालथे घालून मागच्या बाजूने पानाच्या कडेला स्टीलची पट्टी लावून कटरने जास्तीचा भाग कापावा. छापखान्यातही वेगळे काही होत नाही. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरील चित्र कडेपलीकडे साधारण 3 मिलिमीटर जास्त छापलेले असते, आणि बांधणीनंतर तीन बाजूंनी कटिंग झाले की ते कडेला येऊन थांबते. आपले वर्तमानपत्र असे कापले जात नाही, म्हणून त्याच्या पानाभोवती पांढरी कड राहते. संपादकांना हे मी सांगावे असे नाही.

चिकटवण्याच्या बाबतीत कडेची काळजी सर्वांत जास्त घ्यावी लागते. पांढऱ्या गोंदात पाणी असते. तो जास्त झाला की पातळ कागद सुरकुततो, आणि कमी पडला की पट्टीचे टोक उचलले जाऊन पाकिटात सरकवताना अडकते आणि फाटते. कोकणातल्या पावसाळी दमट हवेत तर हे फार लवकर होते. दुहेरी चिकटपट्टी कडेच्या लगत लावणे अधिक सुरक्षित आहे. मैद्याची खळ टाळलेलीच बरी, कारण तिला कसर लागते. आणि जुने कृष्णधवल छायाचित्र पट्टीसाठी कधीही कापू नये. त्याची प्रत काढून ती कापावी.

आता आपल्या लिपीपुरती एक गोष्ट, जी परदेशी नमुने पाहून काम करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. त्या नमुन्यांत शीर्षकाची अक्षरे पट्टीवर उभी केलेली असतात, कारण रोमन अक्षर खालच्या रेषेवर बसते. देवनागरी अक्षर वरच्या रेषेतून खाली उतरते. तेव्हा गडद कार्डशीटची पाच-सहा मिलिमीटर रुंदीची पट्टी कडेपासून कडेपर्यंत लावून तिलाच शिरोरेषा मानावे आणि ‘आजोळ’ किंवा ‘दिवाळी’ ही अक्षरे तिच्याखाली कापून लावावीत अथवा कट निबने लिहावीत, म्हणजे शीर्षक आणि पट्टी वेगळी राहतच नाहीत. वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार रेषेच्या वर जातात, म्हणून पट्टीच्या वर निदान इंचभर जागा ठेवावी लागते. शीर्षक शक्यतो एका शब्दाचे असावे, कारण सलग रेषेखाली दोन शब्द एकमेकांना जोडल्यासारखे वाचले जातात. भ आणि ध या अक्षरांची शिरोरेषा मुळात तुटलेली असते. तिच्यावरून अखंड पट्टी गेली की ध हा घ सारखा आणि भ हा म सारखा दिसू लागतो. ‘भाऊबीज’ या शीर्षकाची अशी ‘माऊबीज’ झालेली मी पाहिली आहे. अशा शब्दांसाठी अक्षराची गाठ पट्टीच्या खाली ठळक आणि सुटी काढावी, किंवा पट्टी शीर्षकापासून दूर ठेवावी.

समासाच्या आग्रहाचे दुसरे टोक आजच्या लग्नाच्या डिजिटल अल्बममध्ये दिसते. तेथे 12 बाय 36 इंचांच्या जोडपानावर प्रत्येक चित्र कडेपर्यंत नेलेले असते, मागे त्याच जोडप्याचे फिकट केलेले मोठे चित्र असते, आणि कटिंगमध्ये कोणाच्या मामाचा खांदा तर कोणाच्या आत्याचा अर्धा चेहरा जातो. पान मधोमध जेथे दुमडते तेथे नवरीचे नाक आलेले अल्बम मी पाहिले आहेत. जोडपानावर पट्टी दोन्ही पानांवरून सलग नेणे सुंदर दिसते यात शंका नाही. पण जोडाच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतरात आकाश, भिंत किंवा गालिचा यावा, माणूस येऊ नये. शिवलेल्या किंवा स्पायरल बांधणीच्या वहीत बांधणीकडची कड धरूच नये. तेथे मोकळ्या कडा तीनच असतात.

हस्ताक्षरातील मजकूर, तारखा आणि छायाचित्रातील माणसांची नावे यांना मात्र लेखात सांगितलेला समास पूर्णपणे लागू आहे. पन्नास वर्षांनी ती वही कोणी उघडेल तेव्हा पट्टीचे टोक झिजलेले असले तरी चालेल, नावाचे पहिले अक्षर झिजलेले चालणार नाही.

या निमित्ताने दोन विनंत्या करते. आपल्या पुरवणीत यापुढे चिकटवहीच्या मांडणीचे नमुने छापताना मापे सेंटिमीटरमध्ये द्यावीत आणि कोठून कापायचे ती रेषा तुटक रेघांनी दाखवावी, म्हणजे ए-फोर कागदावर काम करणाऱ्या वाचकांना ते नमुने प्रत्यक्ष वापरता येतील. तसेच अल्बम आणि फोटोबुक छापून देणाऱ्या व्यावसायिकांनी ग्राहकाला नमुना दाखवताना कटिंगची आणि दुमडीची रेषा त्यावर आखून दाखवावी आणि तिच्या बाहेरचा भाग कापला जाईल, हे साध्या मराठीत लिहून त्यावर संमती घ्यावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, मिरज