काटा पुढे सरकवणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका,
स. न. वि. वि.

फायबरच्या, म्हणजे काचतंतू आणि रेझिनच्या, होड्या दुरुस्त करताना प्रमाण सहसा कुणी सांगत नाही. पातळ रेझिन घट्ट करणारं हार्डनर किती, असं विचारलं की "अंदाजाने" किंवा "झाकणभर" एवढंच उत्तर मिळतं, आणि शिकणारा पुढची दोन वर्षं अंदाज चुकवत बसतो. तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी वजनकाटा पुढे सरकवलात आणि प्रत्येक आकड्यामागचं कारणही सांगितलंत. आभार मानायचे ते त्याचे. पत्र उघड लिहितो आहोत, कारण मालवणच्या किनाऱ्यावर आपली होडी आपणच दुरुस्त करू पाहणारे पुष्कळ आहेत, आणि तुमच्या शेडपर्यंत सगळेच पोचत नाहीत.

तुम्ही आधी शिकवलंत ते ऐकायला. भोक दिसतं तेवढंच बिघडलेलं असतं असं नाही. ग्राइंडरला हात लावण्याआधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने होडी ठोकत जायची. खणखणीत 'टक' आला तर थर एकजीव आहेत, बसका 'भद' आला तर आत थर सुटलेत किंवा पाणी शिरलंय. भद वाजेल तिथे खडूने खूण करायची. बहुतेक वेळा खडूचा वेढा भोकाच्या दुप्पट-तिप्पट निघतो, आणि काम त्या वेढ्याएवढं असतं.

मग तुमचं ते ठरलेलं वाक्य, "आधी सुकव, मगे बोल." खारं पाणी मुरलेलं फायबर नुसतं उन्हात ठेवून सुकत नाही. पाणी उडून जातं, मीठ आत राहतं आणि ते रात्रीच्या दमट हवेतून पुन्हा ओल ओढतं. म्हणून उघडा केलेला भाग गोड्या पाण्याने चार-पाचदा धुवायचा, मग सुकवायचा. सुकलं की नाही हे बोटाला कळत नाही. फूटभर चौकोनी प्लॅस्टिक चारी कडांना टेप लावून रात्रभर चिकटवून ठेवायचं. सकाळी प्लॅस्टिकच्या आतून घाम धरलेला दिसला तर आणखी थांबायचं. एवढ्या साध्या परीक्षेने किती रेझिन वाया जायचं वाचतं!

घासण्याचं गणित तर आम्ही शेडच्या पत्र्यावर लिहून ठेवलंय. ताजं पॉलिस्टर रेझिन जुन्या, पूर्ण सुकलेल्या पॉलिस्टरशी एकजीव होत नाही, ते फक्त खरबरीत पृष्ठभागाला पकडून बसतं. पकड हवी तर जागा हवी. म्हणून जाडीच्या १२ पट उतार. ६ मिमी जाडीच्या होडीला तळहाताएवढं, १० सेंमीचं भोक पडलं असेल तर चारी बाजूंनी ७२ मिमी उतार घासायचा, म्हणजे जखम जवळजवळ २५ सेंमीची होते. नवख्याला हे बघवत नाही. छोटं भोक मोठं कशाला करायचं म्हणून तो उभ्या कडांमध्ये मॅट (काचतंतूंची चटई) कोंबतो, आणि पहिल्या मोठ्या लाटेत ते ठिगळ बुचासारखं सुटून येतं. उतार ४० नंबरच्या पेपरने घासून ठेवायचा, गुळगुळीत करायचा नाही. धूळ आधी ब्रशने काढायची, मग स्वच्छ फडक्याने अ‍ॅसिटोन. अ‍ॅसिटोन पुसल्यावर तिथे हात लावायचा नाही, घामाचं तेल पुरतं पकड घालवायला.

आता काटा. ६ मिमीसाठी चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या मॅटचे चार थर आणि त्यांच्या मधे ६०० ग्रॅमच्या रोव्हिंगचे (विणलेल्या काचकापडाचे) तीन. मॅट साधारण एक मिमी देते, रोव्हिंग पाऊण मिमीच्या जरा खाली. सुरुवात मॅटने, शेवटही मॅटने, कारण रोव्हिंगची वीण खालच्या पृष्ठभागावर नुसती टेकते, मॅट खाचाखोचांत बसते. मॅटला तिच्या वजनाच्या सव्वादोन पट रेझिन, रोव्हिंगला वजनाइतकंच. वरच्या २५ सेंमीच्या जखमेला सगळं मिळून पाव किलो पुरतं. तरी लोक किलोभर कालवतात! बादलीत जाड गोळा राहिला की त्याची उष्णता बाहेर पडत नाही, तो अधिक तापतो, अधिक लवकर आळतो, आणि धूर निघायला लागतो. म्हणून एका वेळी १५० ग्रॅम, पसरट भांड्यात. त्याला दीड टक्का हार्डनर म्हणजे सव्वादोन ग्रॅम, सिरिंजने मोजलं तर दोन मिली. मे महिन्यात एक टक्क्यावर यायचं. एक टक्क्याच्या खाली कधीच नाही, कारण मग रेझिन आळल्यासारखं दिसतं पण आतून कच्चं राहतं आणि महिनोन् महिने वास सोडतं. वेळ हवा असेल तर हार्डनर चोरायचा नाही, पहाटे काम करायचं.

आणि कोबाल्ट, म्हणजे आळण्याला वेग देणारं द्रावण. रेझिन बिनकोबाल्टचं आलं असेल तर डब्याबरोबरच्या तक्त्याप्रमाणे कोबाल्ट आधी रेझिनमध्ये, गुलाबी-जांभळी झाक सगळीकडे सारखी येईपर्यंत ढवळायचं, आणि मगच हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत पडले तर भडका उडतो. तुमच्या शेडमध्ये दोन्ही बाटल्या दोन वेगळ्या भिंतींना असतात आणि एकाची सिरिंज दुसरीत जात नाही, याचं कारण नवीन पोरगा विचारतो तेव्हा तुम्ही कधी कंटाळत नाही. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून ओतताना चष्मा. तरीही उडालाच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा आणि तसंच डॉक्टर गाठायचा.

थर लावताना मोठा तुकडा आधी की छोटा, यावर किनाऱ्यावर दोन पक्ष आहेत. तुमचा पक्ष मोठा आधी, आणि आम्हाला तोच पटतो. मोठी मॅट सगळ्या उतारावर एकसंध टेकते, त्यामुळे जुन्या-नव्याची जोडणी एकाच ताज्या थरावर होते. आतून हात पोचत असेल तर सनमायकाच्या तुकड्याला वॅक्स लावून तो मागे दाबून धरायचा, नंतर सुटून येतो. रेझिन आधी पृष्ठभागावर, मग मॅट, मग थोडं वरून. मॅट पांढरी दिसते तोवर कोरडी. तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर विरघळायला मिनिटभर द्यायचं, मग तिचा कडकपणा जातो आणि ती काचेसारखी पारदर्शक होते. खाचांचा रोलर मधून कडेकडे न्यायचा, हळू. जोरात फिरवला तर हवा निघायच्या ऐवजी फेस होतो. तीन-चार थर झाले की थांबायचं, हात ठेवून बघायचं, गार झालं की पुढे. सगळे एका दमात चढवले तर तापून आकसतात आणि कडा उचलतात. पुढचे थर चोवीस तासांत लावले तर मधे घासायची गरज नाही. त्यानंतर मात्र पुन्हा ४० नंबर.

ट्रान्समबद्दल, म्हणजे इंजिन बसतं त्या होडीच्या मागच्या भिंतीबद्दल, वेगळं सांगायलाच हवं, कारण आऊटबोर्डच्या (मागे बाहेरून इंजिन टांगलेल्या) होड्या मरतात त्या तिथून. फायबर शाबूत असतं, आतलं प्लायवुड कुजलेलं असतं. इंजिनाच्या बोल्टच्या भोकात उघडी राहिलेली प्लायची कड पाणी पिते, बोल्ट सैल होतो, आणखी पाणी जातं. परीक्षा तुमचीच: आतल्या बाजूने ६ मिमीचं ड्रिल आणि येणारा भुसा कागदावर. कोरडा, फिकट, लाकडाच्या वासाचा असेल तर भोक बुजवून मोकळं व्हायचं. काळा, ओला, बोटाला चिकटणारा असेल तर आतली कातडी कापून, कडेने ६-७ सेंमी पट्टा राखून, प्लाय छिन्नीने शेवटपर्यंत काढायचा. "थोडा कुजलाय" अशी काही गोष्ट नसते. नवीन १८ मिमीचे दोन मरीन प्लाय, आयएस ७१० या मानकाच्या छापाचे, रेझिनमध्ये एरोसिल (दाटपणा आणणारी सिलिकाची पूड) कालवून केलेल्या लगद्यात बसवायचे. क्लॅम्प आवळल्यावर चारी कडांनी लगदा बाहेर यायला हवा, जिथे येत नाही तिथे आत पोकळी आहे. कोपऱ्यात त्याच लगद्याची गोलाई द्यायची, कारण काटकोनात मॅट वळत नाही आणि आत हवेचा बोगदा राहतो. अर्ध्या इंची बोल्टसाठी २० मिमीचं भोक पाडून लगद्याने भरायचं आणि सुकल्यावर त्याच्या मधोमध अर्धा इंच पाडायचं. बोल्टभोवती आता लाकूड नाही, रेझिनची नळी आहे.

इथे पॉलिस्टरऐवजी इपॉक्सी हे दुसरं रेझिन वापरलं तर प्लायला ते जास्त घट्ट धरतं, महागही पडतं. पण मग साधी मॅट चालत नाही, कारण तिचा बाइंडर पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो आणि इपॉक्सीत स्टायरीन नसतं. वरून पॉलिस्टर जेलकोटही (बाहेरचा गुळगुळीत थर) भरवशाने बसत नाही, रंगच मारावा लागतो. आणि गॅरेजमध्ये मोटारीला लावतात ती लांबी (पुट्टी) पाण्याखालच्या भागाला कधीच नाही. तिच्यातली शंखजिऱ्याची पूड पाणी पिते. अशी लांबी फासून वर चकचकीत रंग दिलेला माल तुम्ही नखाने उचकटून दाखवलात, तो तुकडा अजून खिडकीत आहे.

जेलकोटचं थोडक्यात: अर्धा मिमी जाडी, दोन हात, दुसऱ्या हातात वॅक्स किंवा वरून प्लॅस्टिक, नाहीतर हवेमुळे वरचा पापुद्रा चिकट राहतो. वॅक्सवर पुन्हा काही लावायचं तर आधी घासून काढायचं. पाण्याखाली बारीक फोड दिसले आणि फोडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर पाणी जेलकोटमागे पोचलंय. ते उघडं करून धुण्या-सुकवण्यापासूनच सुरुवात.

आपल्याकडची खरी अडचण पंचांगाची. मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद, होड्या तेव्हाच वर, आणि हवा रेझिनला सर्वांत वाईट तेव्हाच. तुम्ही सुचवलेली वाटणी आम्ही पाळतो. पावसात पत्र्याखाली फक्त कापणं, घासणं, धुणं. थर लावायचेच तर ताडपत्रीच्या बंद खोलीत हॅलोजन लावून, आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल तर डबा उघडायचाच नाही. पर्यटनाच्या होड्यांना घाई नसते, त्यांचे थर सप्टेंबरच्या शेवटी.

एक तक्रार मात्र आहे. आम्हाला रसायनाच्या वाफा अडवणारा मास्क लावायला लावता, त्याची गाळणीची काडतुसं बदलायला लावता, आणि स्वतः रुमाल बांधून उभे राहता. रुमाल धुळीलाही धड पुरत नाही, स्टायरीन तर त्यातून सरळ जातं. ऑक्टोबरात येताना तुमच्या मापाचा मास्क आणि ४० नंबर पेपरचा गठ्ठा घेऊन येतो. पेपरचे पैसे देऊ केलेत तरी घेणार नाही, पण मास्क लावावाच लागेल.

कळावे, लोभ असावा.
तुमच्या शेडमध्ये शिकलेले