राखणदाराचा पगार

ती. आई आणि ती. बाबा यांना सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "सरकारने बाळंतपण फुकट केलंय म्हणतेस, मग त्या बाईकडून दवाखान्यात पैसे का घेतले?" तेवढ्यात लाइन तुटली आणि नंतर दुसरंच बोलणं निघालं. बाबा, तुमचा प्रश्न मात्र आठवडाभर डोक्यातून गेला नाही. केनियाच्या किनाऱ्यावर मी दोन वर्षं जे काम करते आहे ते सगळं याच प्रश्नाभोवती फिरतं. फोनवर पाच मिनिटांत काहीतरी सांगून टाकलं असतं तर त्या दवाखान्यातल्या सिस्टरवर अन्याय झाला असता. म्हणून लिहायला बसले.

आधी तो दवाखाना डोळ्यांपुढे आणा. डिस्पेन्सरी म्हणजे इथली सगळ्यांत खालची सरकारी आरोग्यसंस्था. तिच्यावर हेल्थ सेंटर, मग रुग्णालयं. या डिस्पेन्सरीत दोन नर्स आहेत, डॉक्टर नाही. दोघींपैकी एक इन-चार्ज, म्हणजे दवाखान्याची प्रमुख; तिलाच मी सिस्टर म्हणते. मलेरियाची तपासणी तीच करते, लसी तीच टोचते, बाळंतपणं करते, सतराशे साठ रजिस्टरं भरते आणि औषधांची मागणीही तीच लिहिते. रात्री एक राखणदार असतो आणि सकाळी झाडलोटीला एक बाई येते. ही दोघं सरकारच्या पगारपत्रकावर नाहीत. स्थानिक समितीने त्यांना ठेवलंय आणि त्यांचा पगार पूर्वी रुग्णांच्या फीमधून निघायचा.

त्या रात्री आलेल्या बाईचं बाळंतपण नीट झालं. सकाळी घरच्यांकडून 'हातमोजे आणि कापूस' म्हणून थोडे शिलिंग घेतले गेले. मी तिथेच होते, आणि खरं सांगते, मला राग आला. सिस्टर काही बोलल्या नाहीत. टेबलाच्या खणातून एक वही काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. राखणदार, झाडलोट, पाण्याचे कॅन, विजेचं बिल, औषधं आणायला मोटारसायकलचं भाडं. प्रत्येक महिन्याचा खर्च आणि त्यासमोर पैसे कुठून आले ते. तीन ठिकाणी त्यांचं स्वतःचं नाव होतं. मग म्हणाल्या, "रात्री फाटक उघडायला माणूस नसेल, तर मी एकटी बाई इथे झोपणार नाही. आणि मी झोपले नाही, तर रात्रीचं बाळंतपण होणार नाही."

बाबा, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या वहीत आहे. उरलेलं अर्धं बरंच जुनं आहे.

केनिया 1963 साली स्वतंत्र झाला आणि 1965 मध्ये सरकारी दवाखान्यांतली फी रद्द झाली. पुढे तिजोरीवर ताण आला, कर्ज देणाऱ्या संस्थांचा आग्रह वाढला आणि डिसेंबर 1989 मध्ये फी परत आली. लोक दवाखान्यात येईनासे झाले तेव्हा सप्टेंबर 1990 मध्ये बाह्यरुग्णांची फी थांबवली, आणि नंतर ती टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू केली. मग 2004 साली नवा आदेश निघाला: डिस्पेन्सरीत फक्त 10 शिलिंग, हेल्थ सेंटरमध्ये 20, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही. लोक त्याला 'दहा-वीस'च म्हणत. आदेश चांगला होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्या घरात रोख पैसाच नसतो तिथे ताप आलेलं मूल फीपायी दोन दिवस घरी राहतं आणि मलेरियात दोन दिवस फार होतात. पण काही वर्षांनी संशोधकांनी दवाखान्या-दवाखान्यांत जाऊन पाहिलं तेव्हा अनेक ठिकाणी दहा-वीसपेक्षा जास्त पैसे घेतले जात होते. फी कमी करा, असं सांगणारा कागद सगळीकडे पोचला होता. पण त्या फीतून राखणदाराला पगार मिळतो आणि तो आता कुठून द्यायचा, याचं उत्तर त्या कागदात नव्हतं.

याला भ्रष्टाचार म्हणणं सोपं आहे. काही ठिकाणी तो असेलही. पण मी जे पाहिलं त्यात बहुतेक वेळा एक नर्स दोन चुकांपैकी कमी वाईट चूक निवडत होती.

हे काही केनियाचंच नाही. दक्षिण आफ्रिकेत 1994 मध्ये गरोदर बायका आणि सहा वर्षांखालच्या मुलांसाठी सेवा मोफत झाली. तिथल्या नर्सेसना निर्णय तत्त्वतः पटला होता. त्यांचं दुःख वेगळंच होतं: त्यांना कोणी विचारलं नाही, आणि दाराशी दुप्पट रांग उभी राहिली तेव्हा हात मात्र तेवढेच होते. युगांडाने 2001 साली फी काढून टाकली. गरीब माणसं मोठ्या संख्येने दवाखान्यात आली, ही खरोखर मोठी गोष्ट होती. पण सरकारी कपाटात औषध नसलं की तीच माणसं बाहेरच्या दुकानातून ते विकत घेत, म्हणून सगळ्यांत गरीब घरांच्या डोक्यावरचा खर्चाचा बोजा म्हणावा तसा हलला नाही.

आता इथे एक चांगली गोष्ट घडली होती ती सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळं वाईटच चाललंय. याच किनाऱ्याच्या प्रांतात डॅनिश मदतीने एक प्रयोग झाला: जिल्ह्याच्या कचेरीतून फिरत न येता पैसा थेट दवाखान्याच्या बँक खात्यात. खर्च कसा करायचा ते इन-चार्ज आणि गावकऱ्यांची समिती मिळून ठरवत आणि हिशेब भिंतीवर लावत. रक्कम काही मोठी नव्हती. पण ती येणार हे माहीत होतं आणि ती वापरायचा अधिकार जवळच्या माणसाकडे होता. 2010 पासून अशीच व्यवस्था देशभर सुरू झाली, आधी हेल्थ सेंटरांत आणि मग डिस्पेन्सऱ्यांत. आमच्या सिस्टर त्या वर्षांबद्दल बोलतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. प्रसूतीच्या खोलीला पडदा लावला, पाण्याची टाकी दुरुस्त केली, राखणदाराला वेळेवर पगार दिला. या तीन गोष्टी त्या कायम याच क्रमाने सांगतात.

मग 2013 आलं. 2010 च्या राज्यघटनेप्रमाणे देशात 47 काउंट्या, म्हणजे स्वतःचं निवडून दिलेलं सरकार असलेले विभाग, झाल्या आणि मार्चच्या निवडणुकीनंतर आरोग्यसेवा त्यांच्या हाती गेली. नवी सरकारं अजून खुर्च्या-टेबलं लावत असतानाच, 1 जूनपासून सरकारी दवाखान्यांतलं बाळंतपण मोफत झालं आणि डिस्पेन्सरी-हेल्थ सेंटरची फी पूर्ण रद्द झाली. भरपाई म्हणून खालच्या संस्थांना एका बाळंतपणामागे 2,500 शिलिंग आणि त्यावरच्या रुग्णालयांना 5,000 मिळणार होते. कागदावर हिशेब बसत होता. पण नव्या आर्थिक नियमांप्रमाणे काउंटीचं उत्पन्न आधी काउंटीच्या एकाच निधीत जमा व्हायचं. अनेक ठिकाणी दवाखान्याच्या नावाने आलेला पैसा तिथे जाऊन बसे. परत यायला महिने लागत, कधी येतही नसे. आई, तुझ्या वॉर्डाच्या कपाटाची किल्ली कोणी दुसऱ्या गावी नेऊन ठेवली आणि कापसाच्या प्रत्येक गुंडाळीसाठी तुला अर्ज करायला लावला, तर कसं होईल? तसंच झालं.

मला या सगळ्यात सगळ्यांत जास्त लागतं ते हे, की अधिकार खाली आणायला म्हणून केलेल्या बदलाने दवाखान्याच्या हातातला होता तेवढा अधिकारही वर गेला. राजधानीतून तो काउंटीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. कर्मचाऱ्यांचे पगार आणि बढत्याही नव्या व्यवस्थेत अडकल्या. डॉक्टरांचा संप डिसेंबर 2016 पासून शंभर दिवस चालला आणि नर्सेसचा 2017 मध्ये जूनपासून जवळजवळ पाच महिने. त्या संपाबद्दल सिस्टर फारसं बोलत नाहीत. मीही विचारत नाही.

आता माझं काम नेमकं काय, हे आई दर वेळी विचारते. मी या इन-चार्जबरोबर आणि त्यांच्यावरच्या उप-काउंटी आरोग्य टीमबरोबर बसते. नेतृत्व म्हटलं की लोकांना मंत्री आठवतो. गरीब देशाच्या आरोग्यव्यवस्थेत नेतृत्व बऱ्याचदा अशा नर्सच्या अंगावर येऊन पडतं जिला कोणी अंदाजपत्रक, साठ्याचं नियोजन, किंवा भांडणारे दोन सहकारी कसे सांभाळावेत हे कधी शिकवलं नाही. ती उत्तम नर्स होती, म्हणून इन-चार्ज झाली. एवढीच काय ती तयारी.

तरी त्या काय काय करतात! उप-काउंटीच्या फार्मासिस्टने सगळ्या इन-चार्जचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप केलाय. एका डिस्पेन्सरीत मलेरियाच्या गोळ्या संपल्या की तिथे मेसेज पडतो. जिच्याकडे जास्तीच्या असतील ती हात वर करते, संध्याकाळपर्यंत मोटारसायकलवरून डबा पोचतो आणि दोन्हीकडच्या रजिस्टरात नोंद होते. अशी नियमावली कुठेही लिहिलेली नाही. हे चालतं कारण दिलेलं परत मिळेल असा त्यांचा एकमेकींवर भरवसा आहे.

एक बदल मी स्वतः पाहिला. आधीचे उप-काउंटी अधिकारी महिन्याच्या बैठकीत चुकांची यादी वाचत: कोणाचा अहवाल उशिरा, कुठे लसीकरण कमी. सगळे माना खाली घालून ऐकत. नव्या बाई आल्या आणि त्यांनी पहिल्याच बैठकीत यादी बाजूला ठेवून विचारलं, "या महिन्यात तुमचं काय अडलं?" कोणी बोललं नाही. दुसऱ्या बैठकीतही नाही. तिसऱ्या वेळी एकीने सांगितलं की तिच्या लसीच्या फ्रिजचा गॅस संपलाय आणि ती गेले काही आठवडे रोज सकाळी शेजारच्या केंद्रातून लसी आणते. तिच्या 'कमी लसीकरणाचं' कारण तेवढंच होतं. बाईंनी तिथेच फोन करून सिलिंडरची सोय केली. त्यानंतर मात्र बैठक वेळेत संपवणं कठीण झालं.

पण यात मला एक भीतीही वाटते. अशा गोष्टी परिषदांमध्ये सांगितल्या की लोक टाळ्या वाजवतात. नुसतं कौतुक करून मोकळं होणं मला पटत नाही. स्वतःच्या पगारातून राखणदाराला पैसे देणारी नर्स हे व्यवस्थेचं यश मानलं, तर वरच्यांना पैसे पाठवायची घाई कशाला वाटेल?

2023 च्या ऑक्टोबरात इथे आरोग्याचे चार नवे कायदे झाले. सरकारी आरोग्यसंस्थांना आपलं उत्पन्न स्वतःकडे ठेवून वापरता यावं, हे त्यातल्या एकात लिहिलंय, म्हणजे 2013 मध्ये जे हातातून गेलं ते परत देण्याचा प्रयत्न. सुमारे एक लाख आरोग्यसेवकांना किट देऊन घरोघरी पाठवलं, त्यांचं मानधन निम्मं केंद्र आणि निम्मं काउंटी देणार असं ठरलं. ऑक्टोबर 2024 पासून नवी आरोग्य विमा व्यवस्था सुरू झाली. उत्पन्नाच्या 2.75 टक्के वर्गणी, महिन्याला निदान 300 शिलिंग. प्राथमिक पातळीवरचे उपचार मात्र सरकारी निधीतून. हे कायदे मी सिस्टरना समजावून सांगत होते. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "खातं कोणाच्या नावावर असेल?"

मला याचं पक्कं उत्तर देता आलं नाही. केंद्राने कायदा केला तरी प्रत्येक काउंटीने आपापली व्यवस्था उभी करायची आहे, आणि काही काउंट्या पुढे आहेत तर काही अजून चर्चेतच. आमच्या काउंटीने बँकेचे फॉर्म पाठवलेत. त्यावर इन-चार्ज आणि समितीच्या अध्यक्षांची सही लागते. अध्यक्ष मासेमारी करतात आणि भरती-ओहोटी पाहून भेटतात, म्हणून शुक्रवारी पहाटे आम्ही दोघी किनाऱ्यावर जाऊन त्यांची सही घेणार आहोत. राखणदारही बरोबर येतो म्हणाला. त्याचे तीन महिने थकलेत.

बाबा, पुढच्या फोनवर मी सांगेन खातं उघडलं की नाही ते. आई, तुझ्या गुडघ्याचा एक्स-रे काढलास का? टाळू नकोस.

तुमची लेक