मोरपंखी तपकिरी पडली म्हणजे कीडच असते असं नाही

मा. संपादक,

पाऊस ओसरला की घोडबंदर रोड काय आणि खारघर-नेरुळ काय, सोसायट्यांतल्या मोरपंखीच्या रांगा तपकिरी पडू लागतात. मग कमिटीची मीटिंग होते, ‘कीड लागली’ असा निकाल लागतो आणि माळ्याच्या पंपात दुकानदार देईल ते कीटकनाशक भरलं जातं. पावसानंतरचा हा रोग बहुतेक वेळा बुरशीचा असतो आणि कीटकनाशकाने बुरशी मरत नाही.

औषध आणण्याआधी तपकिरी रंग कुठून सुरू झाला ते पाहावं. अगदी आतली, खोडालगतची जुनी पानं सगळ्या बाजूंनी सारखी वाळत असतील तर ती नेहमीची पानगळ. तिला काहीही करायचं नाही. खालच्या फांद्या आतून वाळत वर आणि बाहेर सरकताहेत, टोकं मात्र हिरवी आहेत, तर बुरशीचा संशय घ्यावा. खात्री करणं सोपं आहे: रोगट डहाळी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन-तीन दिवस ठेवावी. मृत आणि हिरव्या भागाच्या सीमेवर भिंगातून काळे उंचवटे दिसले की समजावं.

ही बुरशी पावसाच्या शिंतोड्यांनी खालून वर चढते. आपणच तिला वाट करून देतो, कारण गणपतीआधी आवार चकाचक दिसावं म्हणून भर श्रावणात मशीनने छाटणी होते. ओल्या जखमा उघड्या राहतात, वर दाट कवच तयार होतं आणि आत ना ऊन ना वारा. छाटणी मे महिन्यातच उरकावी आणि कात्री दर झाडानंतर स्पिरिटने पुसावी. बुरशीनाशक म्हणून कॉपर ऑक्सिक्लोराइड 50 टक्के, लिटरला 3 ग्रॅम, चिकटद्रव्य घालून मृगाच्या तोंडावर एकदा मारावं. पुढे उघडीप मिळेल तशी, साधारण पंधरवड्याने. मॅन्कोझेब असेल तर लिटरला अडीच ग्रॅम. दोन्ही औषधं निरोगी पान वाचवतात, वाळलेलं हिरवं करत नाहीत. शिवाय मोरपंखी जुन्या, पान नसलेल्या लाकडातून सहसा फुटत नाही, तेव्हा ‘खालून छाटू, परत येईल’ हा हिशेब चुकीचा. लहानपणी वहीत ‘विद्या’ म्हणून जपलेल्या या झाडाबद्दल एवढं तरी ठाऊक असावं.

फेब्रुवारी ते मे मधली तक्रार वेगळी. तेव्हा पानांवर राखाडी-पिवळट कळा येते, धूळ बसल्यासारखी. फांदीखाली पांढरा कागद धरून दोनदा झटकावं. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालू लागले की ते कोळी, म्हणजे रस शोषणारे सूक्ष्म माइट, जाळं विणणारा घरातला कोळी नव्हे. त्यांना आठ पाय असतात, म्हणजे ते कीटक नव्हेत. सर्रास वापरलं जाणारं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक इथे घात करतं: कोळी त्याने मरत नाहीत, त्यांना खाणारे मित्रकीटक मात्र मरतात आणि पंधरा दिवसांत प्रादुर्भाव वाढलेला दिसतो. तीन-चार दिवसांआड सकाळी पाइपने जोराचं पाणी फांद्यांच्या आतपर्यंत मारलं तरी निम्मं काम होतं. नाहीच आटोक्यात आले तर पाण्यात विरघळणारं गंधक 80 टक्के, लिटरला 2 ग्रॅम, ऊन उतरल्यावर. पारा 32 अंशांपुढे असताना गंधकाने पानं करपतात. निंबोळी तेल मारलं असेल तर मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत.

वाळक्या पानांच्या तुकड्यांच्या लोंबत्या पिशव्या दिसल्या तर ती पिशवीतली अळी. हाताने तोडून साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. मादी पिशवीतच अंडी घालते, त्यामुळे नुसत्या जमिनीवर टाकून भागत नाही. पांढऱ्या कापसासारख्या दिसणाऱ्या पिठ्या ढेकणासाठी निंबोळी तेल आणि साबण, लिटरला 5-5 मिली. मुंग्यांचाही बंदोबस्त करावा.

पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या बागेत लावलेल्या ‘ख्रिसमस ट्री’चं, म्हणजे अरॉकेरियाचं दुखणं बहुधा मुळांशी असतं. वर सगळी सुयाच निस्तेज दिसतात. खुरप्याने थोडी माती उकरावी. मूळ चिमटीत धरून ओढताच साल मोज्यासारखी निघाली आणि आत दोरा उरला, तर पाणी साचून मूळ कुजलं आहे. तिथे फवारणी म्हणजे पैसे पाण्यात. आधी निचऱ्याचं भोक मोकळं करावं. डेब्रिजवर टाकलेली चिकट माती असेल तर ती बदलावी.

उद्यान देखभालीच्या करारांत ‘महिन्याला एक फवारणी’ असं कलम सर्रास असतं. त्याऐवजी ‘महिन्याला एक तपासणी, कागदाच्या चाचणीसह, फवारणी गरजेनुसार, औषधाचं नाव आणि प्रमाण वहीत नोंदवून’ असं लिहून घ्यावं. डब्यावर लाल त्रिकोण असलेलं, म्हणजे सर्वांत विषारी गटातलं औषध मुलं खेळतात त्या आवारात येणार नाही, हेही त्याच कलमात घालावं.

— एक कृषी पदवीधर वाचक, ठाणे (पश्चिम)