जाळीमागचे कागद

बेल्हे, रविवार रात्र

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

दुपारी फोन ठेवल्यापासून तुझं एकच वाक्य डोक्यात फिरतंय. "आई, इथे रोज काहीतरी चाललेलं असतं गं, पण मला ते होऊन गेल्यावर कळतं." तू सहज बोलून गेलीस, पण मला ते लागलं. 1997 साली याच पुणे विद्यापीठातून मी तुझ्या आजीला पोस्टकार्डावर जवळजवळ हेच लिहिलं होतं. फोनवर एवढं सगळं बोलणं झालं नसतं, म्हणून तपासायच्या वह्या बाजूला सारून लिहायला बसलेय.

तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. आमच्या विभागाच्या दाराशी एक नोटीस बोर्ड होता. लाकडी चौकट, पुढे तारेची जाळी, जाळीला छोटं कुलूप. नव्या कागदाखाली जुना, त्याच्याखाली त्याहून जुना, टाचण्या गंजलेल्या. एके दिवशी त्यात विद्यावेतनाची नोटीस लागली. शेवटची तारीख चार दिवसांवर, आणि जोडायच्या कागदांत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. दाखला मिळायला निदान आठवडा जाणार. मी ती नोटीस तीनदा वाचली आणि गप्प खोलीवर आले. कार्यालयाच्या खिडकीशी जाऊन "दाखला उशिरा दिला तर चालेल का?" एवढं विचारायचं होतं. पण रांगेतली पुण्यातली मुलं भराभर बोलत होती आणि माझी जीभ उचलली नाही. माझ्याच वर्गातल्या एका मुलीने विचारलं. तिला आठ दिवस मिळाले आणि विद्यावेतनही मिळालं. माझे बाबा त्या वर्षी कांद्याचे पैसे येईपर्यंत उसनवारी करत होते. ते आठवलं की आजही जिवाला चटका बसतो.

म्हणून तुला सांगते, ग्रुपवर कुणी टाकेल याची वाट बघू नकोस. विभागात गेलीस की आधी बोर्डापाशी दोन मिनिटं थांब. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची परिपत्रकं आठवड्यातून दोनदा बघ. आणि कळलं नाही तर खिडकीशी जाऊन विचार. "सर, मला हे समजलं नाही," एवढंच म्हणायचं.

तू आधी अशी नव्हतीस गं. पाचवीत होतीस तेव्हा 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आम्ही शाळेची सहल रेडिओ दुर्बीण बघायला खोडदला नेली होती. त्या 45 मीटर व्यासाच्या तबकडीखाली तू मान मागे टाकून उभी होतीस. वर पत्रा नाही, बारीक तारांची जाळी, आणि तिच्यातून आरपार आभाळ दिसत होतं. बाकीची मुलं भेळेच्या गाडीकडे पळाली. तू मात्र माहिती सांगणाऱ्या दादाचा शर्ट ओढून विचारलंस, "जाळीला एवढी भोकं आहेत, मग त्यातून लहरी पडून जात नाहीत का?" तो हसला आणि खाली बसून त्याने तुला समजावलं, की या रेडिओलहरी भोकांपेक्षा खूप लांब असतात, त्यांना ती जाळी भिंतीसारखीच लागते. शिवाय वारा आरपार जातो, त्यामुळे एवढी मोठी तबकडी हलकी ठेवता येते. तू घरी येऊन आजीला चाळणी दाखवत तेच सांगितलंस. तुझं फिजिक्स त्या दिवशी सुरू झालं, असं मी मानते.

आता ऐक. त्या 30 तबकड्या ज्या संस्थेच्या आहेत, ती राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे एनसीआरए, तुझ्याच आवारात आहे. गोविंद स्वरूप यांनी ती दुर्बीण उभी केली, ते 2020 मध्ये गेले. शेजारी आयुका, खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचं आंतरविद्यापीठ केंद्र. 1988 साली ती सुरू झाली, आणि केंब्रिजला नाव कमावून परत आलेल्या नारळीकरांनी ती घडवली. 2025 च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा आमच्या शाळेत आम्ही प्रार्थनेनंतर त्यांच्याबद्दल बोललो होतो. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली ती इमारत आहे, मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. तुला तिथे जाऊन दीड महिना झाला आणि तू अजून त्या फाटकातून आत गेली नाहीस! या दोन्ही ठिकाणी व्याख्यानं होतात. कुठली सगळ्यांसाठी खुली आहेत ते चौकशी करून घे. अर्धं समजलं नाही तरी चालेल, मागच्या बाकावर बस आणि वही उघडी ठेव.

जयकर ग्रंथालयाचं मात्र मी हट्टाने सांगणार आहे. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या नावाचं ते ग्रंथालय म्हणजे माझं दुसरं घर होतं. मी कमवा आणि शिका योजनेत आमच्या विभागाच्या छोट्या पुस्तकसंग्रहात काम करायचे. फडक्याने धूळ झटकायची, कण्यावरच्या चिठ्ठीवरचा नंबर बघून पुस्तक त्याच्या जागी सरकवायचं. एक चुकीच्या जागी गेलं की ते हरवल्यातच जमा, असं तिथले काका सांगायचे. पुस्तकाचा तो जुना वास आणि बोटांना लागलेली धूळ मला अजून आठवते. परदेशी नियतकालिकातला एखादा लेख हवा असेल तर झेरॉक्ससाठी पैसे साठवायचे, नाहीतर हाताने उतरवून घ्यायचा. तुमचं तसं नाही. 1 जानेवारी 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालंय. 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं सरकारी विद्यापीठांतल्या मुलांना फुकट वाचता येतात. देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर आहेत. लॉगिन कसं करायचं ते ग्रंथालयात विचारून घे, उद्याच. आपल्यासारख्या घरातल्या मुलीला एवढी पुस्तकं एका वेळी कधी मिळाली नव्हती, मुक्ता.

तुझी खोलीतली मैत्रीण पैशांच्या ओढाताणीमुळे मेसमध्ये एकच वेळ जेवते, असं तू म्हणालीस. तिला विद्यार्थी विकास मंडळाकडे घेऊन जा. कमवा आणि शिका, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची ती योजना तिथूनच चालते. रोज थोडे तास काम आणि त्याचा मोबदला मिळतो. मिळणारे पैसे फार नसतात, पण रिफेक्टरीचं, म्हणजे विद्यापीठाच्या भोजनगृहाचं, बिल भरताना मान वर राहते. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला गेलाय का, तेही विचार. अशी मुलं बोलत नाहीत. मीही बोलले नव्हते.

आणि तुला कधी झोप लागेनाशी झाली, रडू यायला लागलं, तर मला रात्री कितीही वाजता फोन कर. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. हा नंबर मैत्रिणीच्या फोनमध्येही साठवून ठेव.

कार्यक्रमांचं म्हणशील तर सगळ्यांना जायलाच हवं असं नाही. मेळे, स्पर्धा, पाहुण्यांची भाषणं, तुला आवडेल तिथे जा. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलंस तर मला आनंद होईल. पण 3 जानेवारी मात्र चुकवू नकोस. त्या दिवशी सावित्रीबाईंची जयंती.

मुख्य इमारत तू रोज लांबून बघतेस. ती मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला होती. 1897 साली पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई रुग्णांची सेवा करत होत्या. प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन त्या आपल्या दत्तक मुलाच्या, डॉक्टर यशवंतांच्या दवाखान्यात गेल्या, तिथून त्यांना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या. त्याच वर्षी 22 जूनच्या रात्री गव्हर्नरच्या बंगल्यात व्हिक्टोरिया राणीच्या राज्याची साठ वर्षं साजरी झाली, आणि तिथून परतताना प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर चाफेकर बंधूंनी गोळी झाडली. तो गणेशखिंडीचाच रस्ता, तुझी बस जाते तोच. 2014 पासून त्या जागेच्या पाटीवर सावित्रीबाईंचं नाव आहे. माझ्या पदवीवर नुसतं पुणे विद्यापीठ लिहिलंय. तुझ्यावर त्यांचं नाव येईल, आणि त्याचा मला किती अभिमान वाटतो ते तुला आत्ता सांगता येत नाही.

उद्या सोमवार, बाजाराचा दिवस. बाबा बैलबाजारातून लवकर सुटले तर नारायणगावला एसटीत डबा देतील. शेंगदाण्याचे लाडू आहेत, अर्धे मैत्रिणीला दे. पुढच्या रविवारी फोन करशील तेव्हा बोर्डावरचे तीन कागद मला वाचून दाखव. फोटो पाठवू नकोस, तुझ्या आवाजात ऐकायचेत.

तुझी,
आई