दारातली टर्की आणि ताटातली टर्की

ब्रुकलाइन, मॅसॅच्युसेट्स

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाला घरोघरी टर्की हा पक्षी शिजवतात; आमच्या घरीही टर्की शिजते का, असे तू विचारले होतेस. शिजत नाही, दारात मात्र येते. काल सकाळी सात रानटर्की संथपणे रस्ता ओलांडत होत्या आणि ऑफिसला निघालेली मंडळी गाड्या थांबवून निमूट बसली होती. त्यांतला एक नर माझ्या गाडीच्या दारात दिसणाऱ्या स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडू लागला. चोचीवरून लोंबणारी मांसल सोंड बघता बघता लालभडक झाली, डोके निळसर-पांढरे पडले, आणि त्याने इतक्या चोची मारल्या की दाराचा रंग खरवडून निघाला.

१६२१ च्या सुगीनंतर याच राज्यातल्या प्लिमथ येथे इंग्रज वसाहतवाल्यांनी तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकांसह तीन दिवस मेजवानी केली, तिच्याशी या सणाचे नाते जोडले जाते. मेजवानीला हजर असलेल्या एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात चौघांनी मारून आणलेल्या पाखरांचा आणि पाहुण्यांनी दिलेल्या पाच हरणांचा उल्लेख आहे. टर्कीचे नाव नाही. पुढे शेतीसाठी जंगले तुटली, बेसुमार शिकार झाली आणि १८५१ नंतर मॅसॅच्युसेट्समध्ये रानटर्की उरलीच नाही. म्हणजे १८६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकनने थँक्सगिव्हिंगची राष्ट्रीय घोषणा केली, तेव्हा सणाच्या या माहेरी तो पक्षी रानात औषधालाही नव्हता! आज दिसणारे थवे १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून आणून बर्कशायरच्या डोंगरांत सोडलेल्या ३७ पक्ष्यांपासून वाढले.

ताटातल्या टर्कीचे कूळ मेक्सिकोचे. तिथल्या लोकांनी माणसाळवलेला पक्षी स्पॅनिशांनी युरोपात नेला आणि इंग्रज वसाहतवाल्यांबरोबर तो अटलांटिक ओलांडून परत आला. आता मांसासाठी वाढवलेल्या त्या पांढऱ्या टर्कीची छाती इतकी जड झाली आहे की तिला उडता येत नाही. रानातली तिची बहीण मात्र रोज रात्री उंच झाडावर झोपायला जाते.

तुझ्या गोव्याचाही यात हात आहे. पोर्तुगीज भाषेत या पक्ष्याला ‘पेरू’ म्हणतात, हे तुला सांगायला नकोच. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान याने गोव्याहून दरबारात नेलेल्या नवलाईच्या वस्तूंमध्ये एक टर्की होती. जहांगीर तिच्यावर इतका खूश झाला की उस्ताद मन्सूरकडून त्याने तिचे चित्र काढवून घेतले आणि तिच्या डोक्याचे रंग सरड्यासारखे बदलतात, असे आत्मचरित्रात नोंदवले. बादशहाची नोंद अचूक आहे, हे मी आता स्वतःच्या खर्चाने सांगू शकतो. दाराचा फोटो सोबत जोडला आहे.

तुझा,
अनिल